पाठ होईल अशी वस्ती

घरात तिला चिमी म्हणत. दारातून वाकून आत यावं लागेल इतकी ती उंच झाली, तरी नाव काही बदललं नाही. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. सकाळी कॉलेज, दुपारी वॉर्डात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवायचे, आणि उरलेल्या वेळात घर शोधत फिरायचं. तेही भाड्याचं नव्हे, विकतचं.

एजंटानं पहिल्याच भेटीत तिला खालून वर न्याहाळलं.

"वडील आले नाहीत?"

"वडील नाहीत."

"मग काका, मामा, कुणी मोठं माणूस?"

"मीच आहे."

"अहो, शिकताय ना अजून? मग भाड्यानं राहा की खुशाल. पुढे नोकरी लागेल, लग्न होईल, तेव्हा बघता येईल घराचं."

चिमीनं त्याला सगळं सांगितलं नाही. दमलेल्या माणसाला स्वतःची कहाणी पुन्हा पुन्हा सांगायचाही कंटाळा येतो. "घ्यायचंच आहे," एवढंच म्हणाली.

कहाणी आईच्या डोळ्यांची होती. आईनं उभा जन्म गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर काढला. मध्यंतरी तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. "मेलं दार आडवं येतं," म्हणत ती दारालाच बोल लावायची. मग एकदा कारखान्यात बाजूनं आलेली ट्रॉली दिसली नाही म्हणून ती पडली, आणि तपासणीत काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. औषधानं उरलेलं जरा सावकाश जाणार होतं, इतकंच. उठताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिसतंय तोवर एका जागी स्थिर व्हा. घर, रस्ता, दुकानं अंगवळणी पडू द्या. नवी जागा पुढे फार जड जाईल."

आणि मायलेकींचं बिऱ्हाड तर कायम पाठीवर. घर रिकामं करून घ्यायला एक घरमालक मुलाचं लग्न काढायचा, दुसरा रंगकाम. वडील कारखान्यातल्या अपघातात गेले, तेव्हा मिळालेली भरपाई आईनं इतकी वर्षं जपून ठेवली होती, तिला हात लावला नव्हता. ती आता बाहेर काढायची ठरली.

चिमीचा जीव कॉलेजमागच्या वस्तीत अडकला होता. लायब्ररी हाकेच्या अंतरावर, मैत्रिणी त्याच रस्त्यावर. पण तिथल्या जिन्याची एक पायरी दुसरीसारखी नव्हती आणि फुटपाथवर स्कूटरी उभ्या. आई एका हँडलवर आदळली आणि पोट चोळत म्हणाली, "छान आहे हो जागा." चिमीला त्या 'छान'चा अर्थ कळला.

मग एजंटानं नवी कॉलनी दाखवली. रुंद रस्ते, झाडं, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. चिमी खूश झाली. आई म्हणाली, "मी एकटी कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. तू इथंच थांब."

चिमी थांबली. आई येईना. शेवटी चिमी धावत सुटली. सगळ्या गल्ल्या एका साच्यातल्या, सगळ्या भिंती पिवळ्या, फाटकं बंद. आई तिसऱ्याच गल्लीत रस्त्याच्या कडेला बसलेली सापडली.

"विचारायला माणूसच दिसेना गं," ती म्हणाली. "दोन दारं वाजवली. आतून कुत्री तेवढी बोलली."

असे कितीतरी रविवार गेले. चिमीच्या पायाला भिंगरी लागली होती, पण ती भिंगरी हौसेची नव्हती. वॉर्डात पेशंटचा पाय हातात धरून ती मनात मजले मोजायची. पुस्तक उघडलं की अक्षरांवर पेंग यायची.

रेल्वेच्या वर्कशॉपमागची वस्ती दाखवताना एजंटच ओशाळला. "बघून घ्या, एवढंच म्हणेन." कॉलेजपासून दोन बस. रस्ता सपाट आणि सरळ, पण कलकलाट असा की कानठळ्या बसाव्यात. एका टोकाला बेकरी, मध्ये पत्र्याच्या बादल्या ठोकणारा कारागीर, पुढे पिठाची गिरणी. आई चालत निघाली आणि थेट बादल्यांच्या उतरंडीत शिरली. सगळ्या बादल्या खणखणत रस्ताभर गेल्या.

समोरच्या टपरीतून इस्त्रीवाली ओरडली, "अहो बाई, डोळे आहेत का बटणं?"

"बटणंच आहेत," आई म्हणाली. "तीही तुटायला आलीत."

इस्त्रीवाली आधी खो खो हसली. मग तिच्या ध्यानात आलं. इस्त्री उभी ठेवून ती खाली उतरली, आईचा दंड धरून तिला स्टुलावर बसवलं, आणि तोंडाचा पट्टा बादलीवाल्याकडे वळवला. "रस्ता तुझ्या बापाचा आहे का रे? उचल आधी सगळं!" बादलीवाला पुटपुटत बादल्या गोळा करू लागला.

आई पाणी पीत म्हणाली, "चिमे, हेच घेऊ."

"अगं, घर तरी बघ आधी!"

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात अंधार, एका भिंतीला ओल. चिमीच्या डोळ्यांपुढे त्या दोन बस उभ्या राहिल्या.

परतताना आईनं तिचा चेहरा वाचला. "कॉलेजजवळचंच घे तू. माझं काय, मी घरात बसेन."

"घरात बसेन म्हणू नकोस!" चिमी एवढ्या मोठ्यानं बोलली की बसमधली माणसं वळून बघू लागली. घरात बसलेली माणसं ती रोज बघत होती. आधी पाय आखडतात, मग बोलणं कमी होतं.

वर्कशॉपमागचं घर त्यांनी घेतलं.

आता सगळं मार्गी लागलं असं म्हणावं, तर तसं झालं नाही. चिमी बसमध्ये झोपून स्टॉपच्या पुढे जाऊ लागली. मैत्रिणींनी बोलवायचं सोडलं. वर्षाअखेर एका विषयात ती राहिली. निकालाच्या संध्याकाळी आई ओटा पुसत असताना चिमीचा संयम सुटला.

"तुझ्या या गल्लीपायी माझं वर्ष गेलं."

आईनं फडकं पिळलं, वाळत घातलं. "गेलं खरं," म्हणाली.

दोघी जेवल्या. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

रविवारी आई पुढे आणि चिमी काही अंतर सोडून मागे, अशा त्या चालत. सुरुवातीला आई दर चार पावलांनी विचारायची, "आहेस ना?" पुढे पुढे ती बेकरीचा वास, पत्र्यावरचे घाव, गिरणीची घरघर यांवरून वळणं घेऊ लागली आणि विचारायचं विसरू लागली. राहिलेला विषय चिमीनं पुढच्या खेपेला काढला. नोकरी लागली तीही शहराच्या दुसऱ्या टोकाला. बस दोनच्या दोनच राहिल्या. आईला आता उजेड-अंधारापलीकडे फारसं कळत नव्हतं.

एका सकाळी चिमी तापानं फणफणली होती. जाग आली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं आणि दार लोटलेलं. तिनं घाबरून हाक मारली. तेवढ्यात खिडकीबाहेर आईचा आवाज आला. "पोरीचं औषध घेऊन चाललेय म्हणून सोडते," असं म्हणत ती गिरणीवाल्याशी हुज्जत घालत होती, पीठ जाडं दळलं म्हणून. इस्त्रीवाली मध्ये पडून दोघांनाही झापत होती.

उठून बघावं असं चिमीला वाटलं. तिनं पांघरूण बाजूलाही केलं. मग पुन्हा ओढून घेतलं, कूस बदलली आणि त्या गलक्यातच तिला गाढ झोप लागली.