जावयाचं यंत्र न् माझा डोळा

२०२४ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. कामठीत पावरलूमवर हयात काढली, शाळा तिसरीपर्यंत. डावा डोळा तरुणपणीच गेला, मागावरचा धोटा उडून लागला होता. उरला उजवा, त्यात मोतीबिंदू पिकला. म्हणून मुलीनं मला मनीषनगरला आपल्या घरी आणलं.

दवाखान्यात ऑपरेशनवाला डॉक्टर महिन्यातून एकदाच येतो. त्या दिवशी सकाळपासून बाकावर बसलो. बाजूला खापा गावाहून आलेली एक बुढी, डोळ्याला पदर लावून. दुपारी खिडकीतली पोरगी म्हणाली, "सर्व्हर अटकला, नंबर निघून नाही राहिला." संध्याकाळपर्यंत तेच. डॉक्टर निघून गेला. "उद्या या, पुढच्या महिन्याचा नंबर देते," पोरगी म्हणे. मी ओरडलो.

"माह्यावर काहून ओरडता आजोबा? ज्यानं बनवलं त्याले बोला ना!"

बनवलं होतं माझ्या जावयानं.

घरी तो पोहे खात बसला होता. मी चपलाही काढल्या नाहीत.

"जावईबापू, तुमचं यंत्र मेलं आज."

"मेलं नाही मामाजी. कनेक्शन संपले."

मग लहान पोराला सांगावं तसं सांगू लागला. पेशंटची सारी माहिती डेटाबेसमध्ये. तिथं जायला वीस कनेक्शन, म्हणजे वीस किल्ल्याच समजा. त्याचा जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्राम त्यातलं एक घेतो, काम झालं की परत ठेवतो. पण मधातच काही चूक झाली तर परत न ठेवताच बाहेर पडतो. असे वीसही अडकले की बाकीचे नुसते वाट पाहत राहतात.

"चूक झाली तरी परत ठेवायचं, असं लिहिता नाही येत?"

"येते ना. पण पूर्ण कोड तपासा लागते."

"न् हे तुमाले आजच समजलं?"

तो पोह्यात चमचा फिरवत राहिला. "दोन महिने झाले. रोज सकाळी रीस्टार्ट मारतो, अडकलेले मोकळे होतात, दिवस निघून जाते. आज गर्दी होती."

"दोन महिने तुमी झोपा काढून राहिले काय?"

"बाबा, जावई हायेत ते!" मुलगी आतून ओरडली.

"म्हणूनच तर अजून तुमी-तुमी करून राहिलो वं."

तो हसला. हसायचं काय होतं त्यात? म्हणे, "टेन्शन नका घेऊ मामाजी. मी फोन करतो, तुमाले सरळ आत घेतील. नंबरची गरजच नाही."

"न् त्या खाप्याच्या बुढीले कोण फोन करन?"

"तिचं मी काय करू?"

त्या रात्री मी त्याच्या घरचं अन्न घेतलं नाही. मुलगी ताट घेऊन दोनदा आली, दोनदा परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाला गाडी काढायला लावली. ऑफिस आहे म्हणत होता. मी त्याचं मनगट सोडलं नाही. दवाखान्यात नेऊन त्याला बाकाच्या मधोमध बसवलं न् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काल ज्याच्यापायी आपण परत गेलो तो हा. माहा जावई हाय. काय विचाराचं ते याले विचारा." मग मी पुढच्या महिन्याच्या नंबरासाठी खिडकीपुढच्या लायनीत जाऊन उभा राहिलो.