तुहामीच्या सुरीची धार

यामनाचा बाप सेफ्रू गावच्या बाजारात सुऱ्यांना धार लावायचा. तिलाही तेवढंच येत होतं. फेस शहरातल्या सासरी तिच्या हातची भाकरीही कुणाच्या घशाखाली उतरत नसे. नवरा तुहामी कातडी कमवायच्या कुंडांवर कामाला होता. तिला परत धाडायचं तो उघड बोलू लागला होता. बाप गेल्यावर माहेरी उरली होती फक्त सावत्र आई. तिच्या दारात पुन्हा उभं राहण्याची यामनाला धास्ती होती.

नणंद बतूल मात्र गोड बोलायची. यामना आल्यापासून कोठीच्या किल्ल्या बतूलच्या कमरेवरून यामनाकडे गेल्या होत्या, आणि ते बतूलला फार झोंबलं होतं.

"त्याची केस खरवडायची सुरी बघितलीस? पार बोथट," गुरुवारी ती म्हणाली. "बिचारा अंगाचा भार टाकून खांदे मोडून घेतो. तुझ्या हातात कला आहे, लाव की धार. आधी बोलू नकोस मात्र. खूश होईल बघ."

"खरंच होतील, लल्ला बतूल?" नणंदेला मानानं 'लल्ला' म्हणत यामनानं विचारलं.

"अगं, डोक्यावर घेऊन नाचेल."

ती सुरी मुद्दाम बोथट ठेवतात. भिजल्या कातड्यावरचे केस ढकलून काढायचे असतात, कापायचे नसतात. बतूल जन्मापासून हे बघत आली होती.

शुक्रवारी कुंडांना सुटी, सुरी घरीच होती; यामना गच्चीत धारेचा दगड घेऊन बसली. धार म्हणजे हाताचा सगळा जोर केसाएवढ्या रेषेवर आणणं, असं बाप सांगे. तिनं ती रेष आणली. आयुष्यात इतकं मन लावून तिनं काही केलं नव्हतं.

शनिवारी तुहामीनं नेहमीसारखा दोन्ही हातांनी भार टाकला आणि बकऱ्याचं कातडं उभं फाटलं. शिवी तोंडात येण्याआधीच हात सवयीनं पुढे गेला होता. दर फटक्यानंतर तो पात्यावरचे केस तळव्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचा. नुसतं दाबलं असतं तर एवढं कापलं नसतं. ओढल्यामुळे उजव्या हाताची चारही बोटं वळवणाऱ्या शिरा तुटल्या.

"लल्ला बतूलनी सांगितलं होतं," यामना रडत म्हणाली.

"मी?" बतूलनं कपाळाला हात लावला. "मला बाई सुऱ्यांतलं काय कळतंय? धारवाल्याची लेक तू."

तुहामीनं बहिणीवर विश्वास ठेवला.

आता यामना त्याला घास भरवते. "हात बरा होऊ दे," चावता चावता तो म्हणतो, "त्याच दिवशी तुला सेफ्रूला पोचवतो."

बोटं पुन्हा वळणार नाहीत, हे डॉक्टरनं तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलंय. ती मान हलवते आणि पुढचा घास करते.