क्रिप्टोची रंगीत तालीम

सीवूड्सकरांनो, आज शेजारच्या जितूदादांनी मला मुद्दाम घरी बोलावलं. पुढच्या आठवड्यात त्यांची बायपास आहे आणि क्रिप्टोमधली त्यांची बचत आजवर फक्त त्यांनाच उघडता यायची.

"समज, मी गेलोय. आता तू उघड," ते वहिनींना म्हणाले आणि त्यांनी फोन त्यांच्या हातात दिला.

वहिनी मध्येच अडल्या. त्यांनी दादांकडे पाहिलं, तर दादांनी डोळेच मिटून घेतले! मग वहिनींनी चावीसारखे लागणारे बारा गुप्त शब्द स्वतः टाकले, क्रिप्टोचं वॉलेट उघडलं आणि थोडे कॉइन पुण्याच्या लेकीला पाठवले.

लगेच तिचा फोन आला, "आई, मिळाले!"

दादा खूश. वहिनी मात्र म्हणाल्या, "शिकले मी. पन तुमी परत या. मना हे एकटीला नको."

मानलं दोघांना! तुमच्या घरी हा विषय कोण काढणार?