आईची बेल

आमच्या कुवेंपुनगरच्या घरात दादा खाली राहतो, मी वर. आई एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. अर्धांगवायूनंतर तिचा आवाज इतका बारीक झाला की शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही. म्हणून मी वायफायवर चालणारी बेल आणली. बटण तिच्या उशाशी, भोंगा माझ्या टेबलावर; ती खाली गेली की दोन्ही तिच्याबरोबर खाली.

दादाशी बिनसलं तेव्हाच मी माझा राउटर वेगळा लावला होता. दोन चुली, दोन राउटर. प्रत्येक राउटर त्याला जोडलेल्या यंत्रांना आपल्यापुरते पत्ते वाटतो, आणि एकाकडचं यंत्र दुसऱ्याकडच्याला ओळखत नाही. त्यामुळे आई वर आली की बटण आणि भोंगा दोन्ही मला हाताने माझ्या राउटरला जोडावे लागत. आणि मी नोकरी कसली करतो? घरातल्या राउटरांनी आपसांतच पत्ते वाटून घ्यावेत, एकमेकांचे निरोप पोचवावेत, माणसाने हातही लावू नये, असं सॉफ्टवेअर लिहितो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एकदा अशीच आई वर आली, मी भोंगा जोडला आणि मीटिंग सुरू झाली म्हणून उठलो. बटण राहिलं. ते खालच्याच राउटरला धरून होतं, आणि दादाची मंडळी देवदर्शनाला तलकाडला गेलेली, म्हणजे डोकावून बघणारंही कोणी नव्हतं. आई दुपारभर बटण दाबत होती. दाबलं की हिरवा दिवा लागायचा, म्हणजे मला कळलं असणार असं तिला वाटायचं. पलीकडच्या खोलीत मी उद्याची घरं आपोआप कशी जुळतील ते लोकांना समजावत होतो.

चहा घेऊन गेलो तर चादर ओली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"इरली बिडो," ती कानडीत म्हणाली. "असू दे. कामात होतास की तू."

तिने रागवावं म्हणून मी तसाच उभा राहिलो. ती रागावली नाही. मला माझ्या विद्येची शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

मग ऑफिसातले चाचणीचे राउटर आणून दोन्ही मजले जोडले. दादाने एका शब्दानेही अडवलं नाही. आता आईला कुठेही न्या, बेल वाजते. रोज सकाळी मी तिच्यासमोर दाबून दाखवतो. ती मान हलवते.

परवा पुन्हा चादर ओली. ती बदलता बदलता मी विचारलं, "आई, बेल का नाही दाबलीस?"

"दाबून वाट बघायचं सोसत नाही रे," ती म्हणाली. "न दाबताच बरं."