पाण्याच्या बाजूने

हे मी माझ्या पत्नीलाही सांगितले नाही, आणि आता ती हयात नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्या घरात राहत नाही. उद्या सकाळी चहा घेताना तुमच्या डोळ्यांकडे पाहण्याचा प्रसंग माझ्यावर येणार नाही. भित्रा माणूस श्रोता असाच निवडतो.

आमचे घर पवनीला. वडील वैनगंगेवर डोंगा चालवीत. मी भंडाऱ्याच्या कचेरीत जमिनीचे नकाशे तपासले. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हाही मी त्याच टेबलावर होतो. हाताखालच्या माणसाची केसाएवढी चूक मी कधी सोडली नाही. माणसे घाबरत. ते मला आवडे — हेही आज प्रथमच सांगतो.

निवृत्तीनंतरची गोष्ट. मुलाने, प्रमोदने, नातीसाठी रंगीत मासे आणले. काचेचे मत्स्यालय पोर फोडेल म्हणून प्लास्टिकची निळी टाकी घेतली आणि भिंतीलगत लाकडी घडवंचीवर ठेवली. हवेच्या पंपाचा विजेचा बोर्ड खाली, घडवंचीच्या पायालाच ठोकला. पाणी बदलताना सून वैशाली मगाने टाकी उपसत असे. मला वाटले, तळाशी तोटी बसवावी. प्रमोद हसला.

"हा तुमचा नकाशा नोहे, बाबा. भोक खोडरबरानं मिटत नसते. हात नोका लावू."

त्या हसण्यासाठीच मी हात लावला. टाकी धुऊन रिकामी ठेवलेली होती, घरात कोणी नव्हते. सळई तापवून भोक पाडले — ते तोटीहून मोठे झाले. तोटी बसेना. मग काय करायचे? सांगायचे? मी?

डोंग्याची फट ताग आणि डांबराने बुजवताना वडील म्हणत, "पानी ज्या बाजूनं रेटते, त्या बाजूनं बुजव. आपल्या सोयीनं लावशीन तं बुडशीन." डोंग्याला पाणी बाहेरून रेटते, टाकीला आतून. हे मला ठाऊक होते. पण आतून लावले असते, तर मासे पाहायला वाकणाऱ्या प्रत्येकाला डांबराचा काळा डाग दिसला असता. मी बाहेरून बुजवले, आणि ती बाजू भिंतीकडे फिरवली. म्हणजे ही चूक नव्हती. निवड होती.

त्यानंतर रोज सकाळी मी टाकीमागे बोट फिरवून पाहत असे. बोट कोरडे निघाले की दिवस माझा.

एका रविवारी दुपारी बोट ओले निघाले. वाकून पाहिले — घडवंचीच्या पायावरून पाण्याची बारीक रेघ उतरत होती, थेट बोर्डात. मेन स्विच ओसरीत होता. पण ओसरीत प्रमोद बसला होता. त्याने कारण विचारले असते. सगळे आडवे झाले की पुसून घेऊ, असे ठरवून मी खुर्चीत बसलो. रेघ उतरतच होती. तरी बसलो.

पंप घरघरला आणि थांबला. वैशाली तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती आली, वाकली, तिने पिनेकडे हात नेला. मी पाहत होतो. "थांब" एवढाच शब्द हवा होता. तोंड उघडलेही होते माझे. पण "थांब" म्हटले, की ती विचारणार — "काहून, मामाजी?" त्या "काहून"ला मी घाबरलो. सगळी कचेरी ज्याला घाबरत असे, तो मी.

ती फेकली गेली. टाकी तिच्यासोबत कोसळली. प्रमोदने धावत जाऊन मेन बंद केला. ती वाचली, मनगट मोडले, आणि उजव्या हाताची दोन बोटे आजही मिटत नाहीत. मासे बादलीत जगले. ती दवाखान्यात असताना टाकी मी स्वतः नेऊन भंगारात दिली.

खाटेपाशी प्रमोद तिच्यावर चिडला. "ओल्या हातानं पिन धरली असन तुनं. किती डाव सांगतलं!"

ती बराच वेळ आठवत राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "असन जी. माहाच हात ओला असन, मामाजी."

मी म्हणालो, "यापुढे सांभाळून."

आता ती कोणत्याही बटणाला हात लावण्यापूर्वी पदराने तळवे पुसते — पुढून, मागून, पुन्हा पुढून. नातीलाही तिने तेच शिकवले आहे. पोर हात पुसून माझ्याकडे बघते, बरोबर ना, आजोबा, अशा नजरेने. मी मान हलवतो.

त्या दुपारी ती तांदळावरून उठून आली होती. तिच्या तळव्यांवर तांदळाची पांढरी भुकटी होती. हात कोरडे होते. मी पाहिले होते.