पाण्याची ओटी

"या गावाच्या त्यागातून जिल्ह्याला उजेड मिळाला." जलपूजनाच्या मांडवात प्रमुख पाहुणे म्हणाले आणि टाळ्या पडल्या. त्या गावातली एक बाई, माझी आई, त्यांच्यासमोर ताट धरून उभी होती. गाव पाण्याखाली होतं.

धरण भरलं की पाण्याची ओटी भरतात. साडी, खण, नारळ. ताट धरायला धरणग्रस्त बाई लागते. फोटोला बरं दिसतं. साडीही तिनंच आणायची. यंदा आईला बोलावलं. मी उचगावात विज्ञान शिकवते. रजा काढून तिच्यासोबत गेले.

आईनं पाण्याकडं बघत विचारलं, "साहेब, आमचं घर कुठं आलं असंल हो?"

पाहुणे म्हणाले, "मावशी, आता बुडी मारूनच बघा की."

मांडव हसला. आई तशीच उभी. मला राग आला नाही. काहीच आलं नाही.

मग अभियंत्यानं माहिती दिली. उंचावरचं पाणी मोठ्या पाइपातून खाली सोडतात. ते चाकाची पाती फिरवतं, चाक जनित्र फिरवतं. कोळसा नाही, धूर नाही. तेच पाणी पुढं उसाला. सगळं खरं. मासे अडतात, पाऊस हटला की चाक थांबतं आणि आधी खोरं रिकामं करावं लागतं, हेही खरं. ते सांगायचं राहिलं.

सूत्रसंचालक म्हणाला, "मावशी, ताट साहेबांकडं द्या. गावातर्फे आभार माना."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी ताट माझ्या हातात घेतलं आणि म्हणाले,

"त्याग न्हाई केला आम्ही. उठवलं आम्हाला. आभार न्हाईत, आणि ओटीबी न्हाई."

"अहो मॅडम, कार्यक्रम हाय," तो कुजबुजला.

"असू दे की."

ती साडी आता आई नेसते. पुढच्या वर्षी आमच्या पुनर्वसन वस्तीतली कुठलीही बाई ताट धरणार नाही. घरोघर जाऊन बोलून झालंय. वर्गात मी आता पाण्यापासून विजेचा धडा रिकाम्या खोऱ्यापासून सुरू करते.

त्या दिवशी निघताना मी अभियंत्याला घराचं विचारलं. त्यानं नीट हात करून दाखवलं. गाव पाइपाच्या तोंडाच्याही खाली आहे. तिथल्या पाण्याला मृतसाठा म्हणतात. ते पाइपापर्यंत चढत नाही. त्यातून वीज होत नाही.