पुसलेलं कोलम

पन्नासच्या दशकात तंजावरला, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या अनाथ मुलींच्या आश्रमात मी चित्रकला शिकवायला जात असे. वादळात आईबाप गेलेल्या मुली. बहुतेकींची वाचाच बसली होती. बोलत नाहीत तर हात तरी चालू देत, एवढाच माझा विचार. उपचार वगैरे मोठे शब्द तेव्हा कोणाला ठाऊक होते! रोज पहाटे दारात तांदळाच्या पिठीचं कोलम घालायचं, तिकडची रांगोळीच ती. ठिपक्यांभोवती रेघ फिरवता फिरवता मुली गुणगुणू लागल्या, भांडूसुद्धा लागल्या. मला फार बरं वाटलं.

मग कोलम पुसलं जाऊ लागलं. वाऱ्याने नव्हे, ओल्या हाताने, उंबऱ्यापासून थेट पायरीपर्यंत. घरात कोणी मेलं की दारात कोलम नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यातच एक धाकटी तापाने फणफणली आणि साऱ्यांची पाचावर धारण बसली. आता कोणाची पाळी, अशी कुजबुज सुरू झाली. गल्लीत वळलं की माझीही नजर आधी उंबऱ्याकडे जायची.

शेवटी पकडली गेली ती आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरातली, आल्यापासून तोंड न उघडलेली मुलगी. व्यवस्थापिका भडकल्या. कार्टी अवलक्षणी आहे, पापनाशमच्या काकाकडे धाडते म्हणाल्या. त्या काकाने तिला दारातूनच परत लावलं होतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मला बाईंचा असा संताप आला! मी पोरीला पायरीवर घेऊन बसले आणि का पुसतेस म्हणून विचारलं.

"अक्का, घरांत मेल्यावर कोलम घालीत नाहींत." आल्यापासून ती प्रथमच बोलली.

तिच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. सूतक दहा दिवसांचं असतं गं, मी म्हटलं.

"फिटलं म्हणून मज कोणी सांगितलं नाही."

खरंच होतं. तिच्या आईचे दिवस कोणी केले, केले की नाही, कोणास ठाऊक. सूतक केव्हाच फिटलं, असं सांगून मी पिठीची वाटी तिच्यापुढे धरली. तिने चिमूट उचलली, पण हात खाली जाईना.

"सूतक आहे तोंवर अम्मा घराभोंवती असते," ती म्हणाली. "घातलं तर जाईल नं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"जाईल," मी म्हटलं.

मग ती रडली, हमसून हमसून रडली, आणि रडतच तिने उंबऱ्यापुढे ठिपका ठेवला.